नळाला मोटर लावणाऱ्या प्रोग्रामरसाहेबांस

प्रति,
मा. प्रोग्रामरसाहेब,
(आमच्या सर्व शाखांत चालणाऱ्या अपडेट प्रोग्रामचे कर्ते)

विषय : आमची इंटरनेटची लाइन आपल्या नावावर करून घेतल्याबद्दल अभिनंदन.



आपली प्रत्यक्ष ओळख नाही, पण तुमच्या हातचं काम मी रोज बघतो. मी तालुक्याच्या गावातल्या एका पतसंस्थेत ‘कॉम्प्युटर बघतो’. नेमणूकपत्रात हुद्दा जरा भारदस्त लिहिलाय, पण संचालकांपासून शिपायापर्यंत सगळे एवढंच म्हणतात आणि पंखा बंद पडला तरी मलाच हाक मारतात. तुमच्या कंपनीचं नाव इथे लिहीत नाही. तुम्ही वाचाल आणि ओळखाल. न ओळखलंत तरी हरकत नाही, तुमच्यासारखे पुष्कळ आहेत. त्यांनीही हे पत्र आपल्यालाच आलंय असं समजावं.

सोमवारी आमच्याकडे आठवडी बाजार भरतो. त्या दिवशी शाखेत पाय ठेवायला जागा नसते. सोनं सोडवायला आलेली माणसं, ठेवीचं व्याज न्यायला आलेल्या आजीबाई, दोन दिवसांची वसुली घेऊन आलेले पिग्मी एजंट, कांद्याचे पैसे खात्यावर टाकून लगेच एसटी पकडायची असलेले शेतकरी. नेमक्या अशा सोमवारी, अकराच्या ठोक्याला, तुमच्या सर्व्हरवर नवी आवृत्ती अवतरते. शाखेतल्या आठही मशीनना तिचा सुगावा एकाच क्षणी लागतो, आणि प्रत्येक मशीन ६०० एमबीची तीच ती फाइल स्वतंत्रपणे, चार-चार कनेक्शनं उघडून ओढायला लागतं. लाइन आमची १० एमबीपीएसची, तीही कागदावर. म्हणजे सेकंदाला सव्वा एमबी. आठ मशीनचे मिळून ४८०० एमबी उतरायला तासाच्या वर जातो. तेवढा वेळ काउंटरवर ‘सर्व्हर डाऊन’ची पाटी लागते. सर्व्हर बिचारा ठणठणीत असतो. त्याच्यापर्यंत पोचता येत नाही, एवढंच.

अपडेट उतरल्यावर आम्ही उत्सुकतेने बघतो की एवढं काय नवं आलं. मागच्या खेपेला पासबुक छापायच्या खिडकीतलं बटण निळ्याचं हिरवं झालं होतं. छान दिसतं.

आमच्या गावात नगरपालिकेचं पाणी दिवसाआड येतं. काही हुशार मंडळी नळालाच थेट मोटर लावतात. त्यांची टाकी भरून वाहते, आणि पुढच्या चार घरांत नळ सोडला की नुसती हवा फुसफुसते. नगरपालिकेचं पथक कधीमधी येतं आणि अशा मोटरी जप्त करून नेतं. तुमची मोटर मात्र आम्हाला वार्षिक देखभाल करारात बसवून मिळाली आहे, १८ टक्के जीएसटीसकट. ती जप्त कोणी करायची?

आता तुम्ही म्हणाल, यात माझा काय दोष, वाटणी करायला इंटरनेटवरची वाहतूक सांभाळणारा टीसीपी आहे की. आहे ना. पण टीसीपी लाइन माणसांत वाटत नाही, कनेक्शनांत वाटतो. आठ मशीनची तुमची झाली ३२ कनेक्शनं, कॅशियरच्या पडद्याचं एक. ठोकळमानाने लाइनचे ३३ वाटे पडले आणि त्यातला एक कॅशियरच्या पदरात आला. तोही तिला पुरला असता, कारण एका खात्याची शिल्लक बघायला काही केबी लागतात. तिचा जीव जातो तो रांगेत. लाइनच्या तोंडाशी जी यंत्रं बसवलेली असतात, त्यांच्यात येणारा माल थोपवून धरायला जागा असते, आणि तुमची डाउनलोडं ती जागा काठोकाठ भरेपर्यंत थांबत नाहीत. समजा तिथे १ एमबी माल साचला. आमच्या लाइनवर तो सरायला जवळजवळ पाऊण सेकंद लागतो. मग कॅशियरचं इवलंसं उत्तरही पाऊण सेकंद मागे उभं राहतं. एक पावती निघायला पडदा आणि सर्व्हर यांच्यात दहा-बारा वेळा विचारणा होते. हिशोब तुम्हीच करा, तुमचं गणित चांगलं असेल असं मी धरून चालतो (का धरून चालतो, ते पुढे येईल). जिम गेटिस या अमेरिकी प्रोग्रामरने २०१० च्या सुमारास स्वतःच्या घरच्या लाइनवर हा रोग पकडला आणि ‘बफरब्लोट’ या नावाने त्याचा एवढा बोभाटा केला, की पुढे त्यावर रांगा आटोक्यात ठेवणारे उपाय निघाले. ते आमच्या दूरसंचार केंद्रातल्या यंत्रापर्यंत कधी येतील, हे त्या यंत्रालाच ठाऊक.

याच्याही आधीची एक गोष्ट सांगतो, कारण तुम्ही शिकलात त्या अभ्यासक्रमात ती बहुधा ‘ऑप्शनला टाका’ या सदरात गेली असावी. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेत लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचं विद्यापीठ यांच्यातला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून एकदम ४० बिटांवर कोसळला. दोन्ही ठिकाणांमधलं अंतर ४०० यार्ड. तेवढ्यात माणूस चालत जाऊन चिठ्ठी देऊन आला असता. तार कुठे तुटली नव्हती. सगळे एकदम माल लोटत होते, वाटेत सांडलेला माल पुन्हा लोटत होते, आणि त्यामुळे आणखी सांडत होता. व्हॅन जेकबसन आणि मायकल कॅरल्स यांनी त्यावर उपाय शोधला आणि १९८८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. सुरुवात हळू करायची, माल सांडला की लगेच हात आखडायचा, मग पुन्हा बेताबेताने वाढवायचं. प्रत्येक कनेक्शनने स्वतःहून पाळायची ही शिस्त. तिच्यावर इंटरनेट आजतागायत तगून आहे. तुम्ही ती मोडली नाहीत, तसा आरोप माझा नाही. तुम्ही एकाच्या जागी चार शिस्तशीर कनेक्शनं उभी केलीत आणि एका फाइलसाठी चार वाटे उचललेत. रेशनच्या दुकानात याला वेगळं नाव आहे.

असो. पहिल्यांदा तक्रार केली तेव्हा तुमच्या सपोर्टने ‘लाइन वाढवून घ्या’ असं सुचवलं. मग आमच्या अध्यक्षांनी फोन केला. माझ्या ईमेलला जे जमत नाही ते अध्यक्षांच्या फोनला जमतं, आणि थोड्याच दिवसांत तुम्ही वेगमर्यादेची सोय पाठवलीत. तेव्हापासून त्या सोयीचा अभ्यास ही माझ्या नोकरीतली एकमेव करमणूक आहे.

पहिल्या अवतारात तुमची योजना अशी होती : एक केबी वाचायचं, एक मिलिसेकंद झोपायचं. सेकंदाला सुमारे १००० केबी, हिशोब मिटला. पण विंडोजचं घड्याळ मुळात सेकंदाला ६४ टिचक्या मारतं. त्याला एक मिलिसेकंद झोप म्हटलं की ते साधारण पुढच्या टिचकीपर्यंत, म्हणजे पंधरा-सोळा मिलिसेकंद, झोपतं. त्यामुळे १००० च्या जागी निघाले ६४ केबी. फाइल उतरायला अडीच तासांवर लागायचे. ही आवृत्ती आम्हाला मनापासून आवडली. काउंटर चालू राहिले, पावत्या निघाल्या, शाखाधिकाऱ्यांनी मला चहा पाजला. दुर्दैवाने तुम्हाला चूक सापडली.

दुसऱ्या अवतारात सेटिंगच्या पानावर एक चौकट आली : ‘कमाल वेग : २५६’. २५६ काय, ते लिहिलेलं नव्हतं. लाइन विकणारे किलोबिटांत बोलतात म्हणून मी किलोबिट धरले आणि निश्चिंत झालो. तुमच्या मनात किलोबाइट होते. आठपट फरक. म्हणजे सुमारे २ एमबीपीएस. तेही चाललं असतं एक वेळ. पण मर्यादा तुम्ही प्रोग्रामला घातली नव्हती, कनेक्शनला घातली होती. एका मशीनची कनेक्शनं चार, म्हणून ८ एमबीपीएस. शाखेत मशीन आठ. अशा रीतीने १० च्या लाइनवर तुम्ही ६४ ची मर्यादा घालून दिलीत, आणि ती एकदाही ओलांडली गेली नाही याची मी साक्ष देतो.

त्यानंतरच्या अवताराला मात्र मी मनोमन हात जोडले. पडद्यावर वेग बरोबर दिसायचा, हिरवी पट्टी संथपणे सरकायची, आणि लाइन तरीही तुंबलेली! शोध घेतल्यावर कळलं, की फाइल ओढणारा भाग पूर्वीसारखाच सुसाट होता. तो सगळा माल मेमरीत ओतायचा, आणि तिथून हार्डडिस्कवर लिहिणारा भाग तेवढा मर्यादेत चालायचा. वेगमर्यादा तुम्ही लावलीत ती डिस्कला. डिस्कने कधी तक्रार केली होती का हो? आमच्या जुन्या मशीनमध्ये मेमरी २ जीबी. बाजारच्या दिवशी आधी लाइन गेली, मग मशीन गेली.

शेवटी सरासरी आली. सुरुवातीपासून किती बाइट आले भागिले किती वेळ गेला. सरासरी जास्त असेल तर थांबायचं, कमी असेल तर ओढायचं. कागदावर चोख. पण इथे लाइन जाते, साहेब. दहा मिनिटं लाइन गेली की सेकंदाला २५६ केबीच्या हिशोबाने तुमच्या प्रोग्रामच्या खात्यावर १५० एमबी जमा होतात, आणि लाइन येताच तो तेवढे बेलगाम वसूल करतो. लाइन आल्याआल्या सगळ्या शाखेलाच साचलेली कामं उरकायची असतात, याची त्याला कल्पना नसते. वेळ मोजायलाही तुम्ही भिंतीवरचं घड्याळ धरलंत, म्हणजे मशीनची तारीख-वेळ. आमच्या एका मशीनचा बटण-सेल मेलेला आहे. ते सकाळी २००९ सालात उठतं, डाउनलोड सुरू करतं, मग कोणीतरी तारीख दुरुस्त करतं. प्रोग्राम बघतो, पंधरा-सोळा वर्षं उलटली आणि अजून जेमतेम १० एमबी आलेत. सुटतो तो थेट शेवटपर्यंत. (एवढ्या जुन्या तारखेला सुरक्षित कनेक्शन मुळात जुळायला नको, असं एखादा चौकस वाचक म्हणेल. तुमचा सर्व्हर प्रमाणपत्राच्या भानगडीत पडत नाही. त्यावर वेगळं पत्र लिहीन.)

हे सगळं वाचून कोणाला वाटेल, वेगाला आवर घालणं फारच अवघड काम दिसतंय. तसं अजिबात नाही, म्हणून तर मला तुमचं कौतुक. थोडा माल वाचायचा. मागितला किती ते नाही, हातात आला किती ते मोजायचं, कारण १६ केबी मागितले तरी दीडच केबी हाती पडतो असं हरघडी होतं. एवढ्या मालाला ठरलेल्या वेगाने किती वेळ लागायला हवा होता ते काढायचं, आणि त्याहून लवकर आला असेल तर राहिलेला वेळ थांबायचं. वेळ मोजायला मशीनमधलं ते घड्याळ घ्यायचं, जे कोणी मागेपुढे करू शकत नाही. न वापरलेला वाटा साठवू द्यायचा तो एक-दोन सेकंदांपुरता, त्यावर गेलेला सोडून द्यायचा. जाणकार याला टोकन बकेट म्हणतात आणि हा प्रकार माझ्या नोकरीपेक्षा जुना आहे. सगळ्या कनेक्शनांत मिळून बकेट एकच. दहा-पंधरा ओळींचा मामला.

तुमच्या टीममधल्या एका तरुणाने मला फोनवर ऐकवलं होतं, की ‘सर, आपण थांबलो तरी समोरचा सर्व्हर पाठवतच राहणार ना, मग काय उपयोग?’ उपयोग आहे, बाळा. आपण वाचायचं थांबलो की विंडोजने त्या कनेक्शनसाठी राखलेली जागा भरते. ती भरत आली की टीसीपी समोरच्याला कळवतो, आता इतकीच जागा उरली, आता उरलीच नाही. समोरचा थांबतो. फाइली उतरवायला नेहमी वापरला जाणारा डब्ल्यूगेट हा प्रोग्राम हेच करतो. माल लवकर आला तर तेवढा वेळ झोपतो, आणि हा तोल साधायला जरा वेळ लागतो, लहान फाइलींत तो नीट साधत नाही, हेही त्याच्या माहितीपत्रकात प्रामाणिकपणे लिहिलेलं आहे. ह्रवोये निक्शिच या क्रोएशियन माणसाने तो १९९६ मध्ये लोकांना फुकट देऊन टाकला. स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्गचा त्याच जातीचा कर्ल १९९८ चा. दोघांनाही ‘लिमिट-रेट’ असं सांगून पुढे आकडा टाकला की काम होतं. दोन ठिकाणच्या फाइली जुळवणाऱ्या आरसिंकला ‘बीडब्ल्यूलिमिट’ आहे, आणि तो तर फाइलीतला बदललेला भाग तेवढाच आणतो. हिरव्या बटणासाठी ६०० एमबी वाहून आणण्याची थोर कल्पना त्याच्या कर्त्यांना सुचली नसावी.

हेही नको असेल तर विंडोजच्या पोटात बिट्स नावाची सेवा आहे, २००१ च्या एक्सपीपासून. तिला फाइलीचा पत्ता द्यायचा आणि आपण बाजूला व्हायचं. ती पडून असलेल्या वेगात काम करते, मशीन बंद पडलं तर सोडलं तिथून पुढे सुरू करते, आणि कचेरीच्या वेळात किती, नंतर किती, हे तिला आधी सांगून ठेवता येतं. तिच्यातही खोट आहे : तिला प्रामुख्याने आपल्या मशीनची वर्दळ दिसते, शेजारच्या टेबलावर कॅशियर ताटकळतेय हे कळायची खात्री नाही. त्यावर तोडगा ठरेल अशी लेडबॅट नावाची पद्धत २०१२ मध्ये अधिकृत कागदावर आली. ती वेगाकडे बघतच नाही, रांग वाढते आहे का ते बघते, आणि वाढतेय असं दिसलं की माल सांडायच्या आत स्वतःच मागे सरते. टोरंटवाल्यांनी ती आपल्या देवाणघेवाणीत वापरली, साहेब. ज्यांना अख्खी दुनिया लाइन खाणारे म्हणून नावं ठेवते, त्यांनी. तुम्ही तर सहकार क्षेत्राला सेवा देता.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा नेटफ्लिक्सने युरोपात महिनाभर आपल्या चित्राचा भार कमी केला, आणि आपल्याकडे मोबाइलवर ४८०पीच्या वर चित्र पाठवायचं नाही असं बड्या व्हिडिओ कंपन्यांनी आपसांत ठरवलं. ज्यांचं पोटच लाइनवर आहे त्यांनी हात आवरला. तुमच्याकडून आमची मागणी त्याहून लहान आहे, आणि ती मी आता लिहूनच देतो.

मर्यादेचा आकडा तुम्ही ठरवू नका. तुम्हाला आमचा बाजारवार माहीत नाही, मार्चअखेर शाखेत काय होतं ते माहीत नाही, पावसाळ्यात लाइनचं काय होतं तेही नाही. तुमच्या इमारतीतल्या लाइनवर ६०० एमबी चहा येईपर्यंत उतरत असेल. तिथे चाचणी केलीत तर तुमचा प्रोग्राम निर्दोषच ठरणार. आकडा टाकायची चौकट शाखाधिकाऱ्याच्या हातात द्या, चौकटीपुढे एकक लिहा, वार आणि वेळ निवडायची सोय ठेवा. आठ मशीनपैकी एकानेच फाइल आणावी आणि बाकीच्यांनी त्याच्याकडून घ्यावी. शाखेतल्या शाखेत आमची केबल तुम्हाला हवी तितकी मोकळी आहे, तिथे खुशाल सुसाट जा. आणि ९० टक्के उतरल्यावर लाइन गेली तर पुन्हा पहिल्या बाइटपासून सुरुवात करायची तुमची प्रथा आता मोडीत काढा. उरलेलाच भाग मागायची सोय एचटीटीपीत गेल्या शतकापासून आहे.

तोवर मी मुख्य शाखेच्या राउटरवर तुमच्या सर्व्हरच्या पत्त्याला लगाम घातला आहे. हा उपाय ओबडधोबड आहे, मला मान्य आहे. राउटर जो माल टाकून देतो तो आमची लाइन ओलांडून आलेला असतो, म्हणजे आधी जागा खाणार आणि मग फेकला जाणार. शिवाय प्रत्येक शाखेला असा राउटर घ्यायचा तर खरेदी समितीपुढे जावं लागतं, आणि खरेदी समितीचा स्वतःचा एक वेग आहे, त्याला मर्यादा घालायची गरज पडत नाही.

तुमचा देखभाल करार एप्रिलमध्ये नूतनीकरणाला येतोय. संचालक मंडळापुढचं टिपण मलाच लिहायचं आहे, आणि अध्यक्षांनी या वेळी ‘जरा सविस्तर लिहा’ असं सांगितलंय. त्यात तुमची बाजू आली तर बरं दिसेल, म्हणून पत्रोत्तर फेब्रुवारीच्या आत मिळावं.

कळावे.

आपला,
कॉम्प्युटर बघणारा

ता. क. उत्तर ईमेलच्या मजकुरातच लिहावं, कृपया काही जोडू नये. ‘वेगमर्यादा कशी वापरावी’ ही तुमची माहितीपुस्तिका मागे सर्व शाखांना एकाच वेळी आली होती. ४८ एमबीची होती, आणि सोमवारी आली होती.